काळाचा हिशेब मांडणारे भास्कराचार्य

शाबानची एकोणतिसावी संध्याकाळ आली की गावोगाव माणसे गच्चीवर चढतात आणि मावळतीकडे डोळे लावून उभी राहतात. सोयगावातही तेच. गावाच्या दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग भिंतीसारखी उभी आहे. सूर्य बुडाल्यावर ही रांग जिकडे दूर जाताना काळी पडत जाते, त्याच बाजूच्या आकाशात चाँदची बारीक रेघ शोधायची असते. ती दिसली तर रमजान सुरू, नाही दिसली तर आणखी एक दिवस थांबायचे.

रांगेच्या पायथ्यापायथ्याने पश्चिमेकडे गेले तर शंभर किलोमीटरच्या आत पाटण लागते. आज ते जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवी या नावाने ओळखले जाते. दाट जंगल, जुनी मंदिरे आणि एक शिलालेख एवढेच तिथे उरले आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी ज्या माणसाने याच चंद्राची चाल क्षणाक्षणाने मोजायची रीत सांगितली, त्याच्या घराण्याची आठवण त्या दगडावर कोरलेली आहे. ते भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. घराण्यात सात पिढ्यांची विद्वत्ता होती. शिलालेखात ही वंशावळ त्रिविक्रमापासून दिलेली आहे आणि त्यातल्या एका पूर्वजाला राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिल्याचेही त्यात नमूद आहे. आपले गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडवीड, असे भास्कराचार्य सांगतात. हे गाव म्हणजे पाटणच की बीड की आणखी कुठले, यावर अभ्यासकांचे वाद आजही चालू आहेत. पण त्यांच्या नातवाने मठ स्थापला तो पाटणला, एवढे दगडावर लिहिलेले आहे.

त्यांच्या काळाचा थोडा अंदाज घेतला पाहिजे. खुरासानात उमर खय्याम यांचे निधन झाले तेव्हा भास्कराचार्य सतरा वर्षांचे होते. खय्याम यांनी इतर विद्वानांच्या साथीने १०७९ मध्ये सूर्याच्या गतीवर बांधलेली जलाली दिनदर्शिका तयार केली होती. अल-बिरूनी यांना जाऊन तेव्हा जेमतेम ऐंशी वर्षे झाली होती. त्यांनी हिंदुस्थानातल्या विद्यांवर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याच्याही आधी, आठव्या शतकात, ब्रह्मगुप्तांचे ज्योतिषगणित बगदादच्या दरबारात पोहोचून अरबीत उतरले होते. म्हणजे आकाश मोजणारी माणसे तेव्हा बऱ्याच मुलखांत होती आणि एकमेकांच्या पोथ्या त्यांच्यापर्यंत उशिरा का होईना, पोहोचत होत्या.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला. त्याचे चार भाग. 'लीलावती' अंकगणित आणि भूमितीचा, 'बीजगणित' नावाप्रमाणेच, 'ग्रहगणित' ग्रहांच्या गतीचा आणि 'गोलाध्याय' पृथ्वी व आकाश यांच्या रचनेचा. पुढे या ग्रंथावर त्यांनी स्वतःच भाष्य लिहिले. नियम देऊन ते थांबत नसत, नियम असाच का आहे हेही सांगत. विद्यार्थ्याने पाठ करावे एवढ्यावर त्यांचे समाधान होत नव्हते.

त्यांच्या ग्रंथाची सुरुवातच काळापासून होते. एका टोकाला कल्प, म्हणजे ४ अब्ज ३२ कोटी वर्षे. दुसऱ्या टोकाला त्रुटी. दिवसरात्रीच्या साठ घटिका, एका घटिकेच्या तीस कला, कलेच्या तीस काष्ठा, काष्ठेचे अठरा निमेष, निमेषाचे तीस तत्पर आणि एका तत्पराच्या शंभर त्रुटी. आजच्या भाषेत हिशेब केला तर एक त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५० वा भाग होतो. इतका लहान काळ मोजणारे कोणतेही साधन तेव्हा नव्हते. त्रुटी घड्याळात दिसणारी गोष्ट नव्हती, ती विचाराने केलेली विभागणी होती. काळ जितका बारीक चिरावा तितका चिरता येतो, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्याचा त्यांनी उपयोगही केला.

तो उपयोग चंद्रासाठी झाला. ग्रहाची गती म्हणजे काल तो कुठे होता आणि आज कुठे आहे यातले अंतर, अशी साधी समजूत असते. शनीसारख्या मंद ग्रहाला ती चालून जाते. चंद्राचे तसे नाही. तो वेगाने पळतो आणि त्याचा वेग सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असतो. तिथी नेमकी कधी संपते हे काढायचे तर दिवसभराची सरासरी गती फसवते, त्या वेळची गती लागते. भास्कराचार्यांनी तिला तात्कालिक गती म्हटले आणि ती काढण्याची रीत दिली. पाच शतकांनंतर युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी जे गणित उभे केले, त्याच्या दारापाशी ही रीत पोहोचलेली होती. त्या दोघांनी पुढे सगळ्या बदलत्या राशींसाठी एक सर्वसाधारण शास्त्र उभारले. भास्कराचार्यांनी आपल्यासमोरचा प्रश्न सोडवला. दोन्ही कामे मोठी आहेत, पण ती एकच नाहीत.

चंद्राच्या महिन्याचा त्यांचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एका कल्पात किती चांद्रमास आणि किती दिवस, हे आकडे त्यांनी ब्रह्मगुप्तांच्या परंपरेतून घेतले. त्यांचा भागाकार केला तर एका चंद्रापासून दुसऱ्या चंद्रापर्यंतचा सरासरी काळ २९.५३०५८२ दिवस येतो. आजच्या वेधशाळांचा आकडा २९.५३०५८९ आहे. फरक एका सेकंदाहूनही कमी. वर्षाच्या बाबतीत ते इतके अचूक नव्हते. त्यांचे नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस, १५ घटिका, ३० पळे आणि २२.५ विपळे होते, ते प्रत्यक्षाहून सुमारे तीन मिनिटांनी मोठे आहे.

या दोन आकड्यांतच सणांचे सगळे गणित दडलेले आहे. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याला ३६५ लागतात. पंचांगकर्ते हे अकरा दिवस साचू देतात आणि अधिकमास घालून मेळ बसवतात, म्हणून दिवाळी शरद ऋतू सोडत नाही. हिजरी वर्षात असा महिना घालत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळे फिरून येतो. चंद्र एकच, त्याची चालही एकच. त्याच्याशी करार करायच्या पद्धती दोन.

'गोलाध्याया'तले भास्कराचार्य आजच्या वाचकाला अधिक जवळचे वाटतात. पृथ्वी गोल आहे, मग सपाट का दिसते? त्यांचे उत्तर असे की वर्तुळाच्या परिघाचा फार लहान तुकडा घेतला तर तो सरळच दिसतो आणि माणूस तर अफाट गोलावर उभा राहून लहानसा तुकडाच पाहतो. पृथ्वीला कोणी उचलून धरले आहे का? धरले असेल तर धरणाऱ्याला कोणी धरले, त्यालाही कोणी धरले, ही साखळी कुठे संपत नाही. शेवटी कुणाला तरी स्वतःच्या बळावर राहू द्यायचेच असेल, तर ते पृथ्वीलाच का देऊ नये? जड वस्तू खाली पडते, कारण पृथ्वीत ओढून घेण्याची शक्ती आहे. गोलाच्या पलीकडच्या बाजूला राहणारी माणसे पडत का नाहीत, याचेही उत्तर त्यातच येते. त्यांनाही आपल्यासारखेच आपण पृथ्वीच्या वर उभे आहोत असे वाटते. वर आणि खाली हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते.

वेळेचेही तसेच. लंकेला सूर्य उगवतो तेव्हा पूर्वेच्या यमकोटीला भर दुपार असते, पलीकडच्या सिद्धपुराला सूर्यास्त आणि पश्चिमेच्या रोमकाला मध्यरात्र, असा पृथ्वीचा नकाशा त्यांनी मांडला. ही चारही ठिकाणे विषुववृत्तावर नव्वद नव्वद अंशांवर कल्पिलेली आहेत. मेरूवर, म्हणजे ध्रुवावर, सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र. सगळ्या जगाची एकच वेळ असते असे नाही, प्रत्येक ठिकाणाची आपली सकाळ आणि आपली संध्याकाळ असते. रमजानमध्ये हे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. रेखांशाच्या हिशेबाने सोयगावात सूर्य बुडाल्यावर पाटणला तो बुडायला दोन-अडीच मिनिटे जास्त लागतात आणि मुंबईला सुमारे अकरा. सोयगावात रोजा सुटतो तेव्हा मुंबईतला रोजेदार अजून खजूर हातात धरून बसलेला असतो आणि दोघांचीही वेळ बरोबर असते.

त्यांना सगळेच गवसले होते असे मात्र नाही. पृथ्वी स्थिर आहे आणि आकाश फिरते, हेच ते मानत राहिले. त्यांच्या आधी सहा शतके आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे म्हटले होते, ते त्यांनी स्वीकारले नाही. ग्रहण पृथ्वीच्या आणि चंद्राच्या छायेने होते हे त्यांनी स्वच्छ मांडले, पण पुराणातल्या राहूला हाकलून न देता तो त्या छायेत शिरतो असा समेट घातला. त्यांनी पृथ्वीचे आकर्षण ओळखले. तेच आकर्षण चंद्रालाही बांधून ठेवते, ही पायरी १६८७ मध्ये न्यूटनने चढली. आपल्या पूर्वजांना सगळे आधीच ठाऊक होते असे म्हणण्याने भास्कराचार्य मोठे होत नाहीत. जे त्यांनी खरोखर केले तेवढेच त्यांना पुरते.

यंत्रांवर त्यांनी वेगळा अध्याय लिहिला. गोलयंत्र, शंकू, चक्र, फलक यांच्याबरोबर त्यात घटीयंत्रही आहे. तांब्याचे भांडे, बुडाला बारीक भोक. ते पाण्यावर ठेवायचे. भोकातून पाणी आत येते, भांडे भरते आणि बुडते. दिवसरात्रीत ते साठ वेळा बुडावे, असे भोक पाडायचे. या सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ कोणते, तर धीयंत्र, म्हणजे माणसाची बुद्धी, असे त्यांचे मत होते.

याच घटीयंत्राभोवती भास्कराचार्यांची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट गुंफलेली आहे. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या कुंडलीत विवाहसुख नव्हते. वडिलांनी आकडेमोड करून एक मुहूर्त शोधला. तो साधला तर अरिष्ट टळणार होते. घटीपात्र पाण्यावर ठेवले. नवरीच्या वेषातली मुलगी कुतूहलाने त्यावर वाकली, तिच्या अंगावरच्या दागिन्यातला एक मोती निसटून भांड्यात पडला आणि भोकावर बसला. पाणी येणे थांबले. सगळे वाट पाहत राहिले, भांडे बुडालेच नाही आणि मुहूर्त निघून गेला. तेव्हा वडिलांनी तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, म्हणजे नाव तरी मागे राहील.

महाराष्ट्रात ही गोष्ट आजी नातवंडांना सांगत आली आहे. पण ती भास्कराचार्यांच्या संस्कृत ग्रंथात नाही. ती आपल्याकडे आली फारसीतून. अकबर बादशहाच्या हुकमावरून अबुल फजलचे थोरले भाऊ, शायर फैजी यांनी १५८७ मध्ये, हिजरी ९९५ मध्ये, 'लीलावती'चा फारसी तर्जुमा केला. त्यासाठी त्यांनी जाणकारांची, विशेषतः दक्खनच्या ज्योतिषांची मदत घेतली आणि तर्जुम्याच्या दीबाच्यात ही हकिकत लिहून ठेवली. चार वर्षांनी फैजी बादशहाचे वकील म्हणून बुऱ्हाणपूर आणि अहमदनगरच्या दरबारांत आले. ज्या मुलखातल्या पंडिताचे पुस्तक त्यांनी फारसीत नेले, तोच हा मुलूख.

ती गोष्ट घडली की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिचे म्हणणे विसरता येत नाही. काळाचे तुकडे त्रुटीपर्यंत करू शकणारा बाप, आणि एका मोत्याएवढ्या अडथळ्याने त्याच्या हातून एक घटका निसटते. काळ मोजता येतो, थांबवता येत नाही. सहेरीला दोन मिनिटे उशिरा जाग आलेल्या माणसालाही हे कळते.

फैजींनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने 'बीजगणिता'ची पाळी आली. शहाजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास, अताउल्ला रशीदी यांनी त्याचा फारसी तर्जुमा करून बादशहाला अर्पण केला. अताउल्ला हे ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. संभाजीनगरचा बीबी का मकबरा ज्याने पाहिला त्याने अताउल्लांचे काम पाहिलेच आहे. मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावरच्या लेखात वास्तुकार म्हणून त्यांचे आणि अभियंता म्हणून हंसपतराय यांचे नाव आहे. म्हणजे दख्खनच्या एका ब्राह्मण गणितज्ञाचा ग्रंथ ज्या मुसलमान गणितज्ञाने अभ्यासून दुसऱ्या भाषेत नेला, त्यानेच पुढे त्या गणितज्ञाच्या मुलखात येऊन घुमट आणि मिनार उभे केले. मकबरा पाहायला रोज शेकडो माणसे येतात. दारावरच्या नावामागची ही दुसरी ओळख फार थोड्यांना ठाऊक असते.

इंग्रजी वाचणाऱ्या जगाला 'बीजगणित' पहिल्यांदा भेटले तेही या फारसीमार्गे. एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३ मध्ये अताउल्लांच्या तर्जुम्यावरून त्याचे इंग्रजी केले. मूळ संस्कृतावरून कोलब्रुक यांचे भाषांतर चार वर्षांनी, १८१७ मध्ये आले.

भास्कराचार्यांनी आपला शेवटचा ज्ञात ग्रंथ 'करणकुतूहल' ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी लिहिला. विषय पुन्हा तोच, ग्रहांची गणिते, पण पंचांग करणाऱ्याला सोपी पडतील अशी. आयुष्यभर अवघड लिहिलेल्या माणसाने उतारवयात सोपे करून दिलेले हे पुस्तक पुढे शतकानुशतके वापरात राहिले.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालाने आपल्याकडे बोलावून घेतले. नातू चांगदेव हे राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ स्थापला. त्या भागाचे निकुंभ सामंत सोइदेव यांनी शके ११२८ मध्ये, म्हणजे इ. स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, मठाला दान दिले. चंद्राचे गणित करणाऱ्याच्या नावाच्या मठाला दान देण्यासाठी तो दिवस शोभून दिसणारा होता. शिलालेख संस्कृतात सुरू होतो आणि दानाचा तपशील सांगताना मराठीत उतरतो. कारण बाजारातल्या मालाचा, तेलाच्या घाण्याचा हिस्सा ज्यांनी द्यायचा, त्यांची भाषा ती होती. गणिताची शाळा चालावी म्हणून तेली आणि व्यापारी आपला वाटा देत होते.

तो मठ आज नाही. शिलालेखही शतकानुशतके कुणाच्या लेखी नव्हता. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ मध्ये तो विद्वानांसमोर आला. दरम्यान ग्रंथ जगले ते माणसांमुळे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर टीका लिहिली, फैजींनी लिहिले, अताउल्लांनी लिहिले. दानपत्रात चंद्रसूर्य असेपर्यंतचे वचन देण्याची रीत असते. चंद्रसूर्य आहेत, मठ नाही. पण पुस्तक आहे, कारण ज्यांचा धर्म आणि भाषा वेगळी होती त्यांनीही ते आपले मानून वाचले.

विसाव्या शतकात काळाविषयीची समजूत पुन्हा एकदा बदलली. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले की वेगाने जाणाऱ्याचे घड्याळ मागे पडते आणि नंतर हेही दाखवले की गुरुत्वाकर्षण कमी असेल तिथे घड्याळ पुढे जाते. भास्कराचार्यांच्या जगात ठिकाण बदलले की वेळ बदलत होती, पण काळाचा प्रवाह सगळीकडे सारखाच वाहत होता. आइन्स्टाइन यांनी तो प्रवाहसुद्धा सर्वांसाठी सारखा नाही असे सिद्ध केले. आता ही गोष्ट पुस्तकापुरती राहिलेली नाही. मोबाइलला आपली जागा सांगणाऱ्या जीपीएस उपग्रहांतली घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक सुधारला नाही तर नकाशावरची जागा एका दिवसात कित्येक किलोमीटर चुकेल आणि त्या जागेवरून काढलेल्या नमाजच्या वेळांचाही भरवसा राहणार नाही.

३८ मायक्रोसेकंद म्हणजे किती? भास्कराचार्यांच्या मापाने सव्वा त्रुटी. जे माप केवळ विचारात होते, ज्याचा व्यवहारात काही उपयोग होईल असे बाराव्या शतकात कुणाला वाटले नसते, त्याच मापाएवढा काळ आज रोज दुरुस्त करावा लागतो. सापेक्षता त्यांना ठाऊक नव्हती. काळाचा इतका लहान तुकडासुद्धा हिशेबातून वगळायचा नाही, एवढी शिस्त मात्र त्यांच्याकडे होती.

या महिन्याच्या शेवटी पुन्हा एकदा सोयगावची माणसे मावळतीकडे बघत उभी राहतील. चाँद दिसेल तेव्हा तो आपल्या ठरल्या चालीने आलेला असेल. त्याची ती चाल याच डोंगररांगेशी नाते असलेल्या एका माणसाने ग्रंथात उतरवली, दुसऱ्यांनी त्या माणसाचे गणित फारसीत नेले आणि तिथून ते इंग्रजीत गेले. इल्मचा प्रवास असाच होतो. तो चालू ठेवायचा तर प्रत्येक पिढीत कुणीतरी ते पुस्तक पुन्हा उघडावे लागते.